गाडीची आगोट: किनाऱ्यावर जुनी स्पोर्ट्स कूपे सांभाळताना

मृगाआधी घर शाकारून होतं, झडीच्या बाजूला झापं बांधली जातात, लाकूडफाटा पडवीत येतो. दोन दारांची जुनी स्पोर्ट्स गाडी घेऊन कोकणात राहायचं तर तिचीही अशीच आगोट करावी लागते. घाटावर अशा गाडीचं वय किलोमीटरवर मोजतात. इथे ते मीठ आणि ओल ठरवतात. चाळीस हजार किलोमीटर चाललेली पण पाच पावसाळे माडाखाली काढलेली गाडी, पुण्यात दीड लाख पळालेल्या गाडीपेक्षा म्हातारी निघू शकते. इंजिन बिघडलं तर आवाज करून सांगतं. पत्रा आणि वायरिंग मुकाट जातं.

इथे उदाहरणाला दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी (२००६ ते २०१४) घेतली आहे. ती भारतात रीतसर विकली गेली, सेकंडहँड बाजारात दिसते, आणि तिची बांधणी खाऱ्या हवेची परीक्षा पाहणारी आहे. मर्सिडीज एसएलके किंवा बीएमडब्ल्यू झेड४ असली तरी पाणी, मीठ आणि साठवणुकीबद्दलचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

घेण्याआधी

ओळखीचा मिस्त्री गाडी बघायला आला की खिशातून लोहचुंबक काढतो आणि पत्र्यावरून फिरवतो. चिकटला नाही की म्हणतो, "लांबी भरलीय," म्हणजे खड्डा पुट्टीने बुजवलाय. या टीटीचं बोनेट, पुढची मडगार्ड, टप आणि बाजूची चौकट ॲल्युमिनियमची आहे, तिथे चुंबक कधीच चिकटणार नाही. दारं, डिकीचं झाकण आणि मागचा तळ मात्र पोलादी. म्हणजे चुंबक फक्त दारांना आणि डिकीला लावून बघा. तिथे तो घसरला तर खरंच संशय घ्या. उरलेल्या गाडीसाठी रंगाची जाडी मोजणारं यंत्र हवं, आणि तेही लोखंड व ॲल्युमिनियम दोन्ही वाचणारं. स्वस्तातली यंत्रं फक्त लोखंड वाचतात आणि बोनेटवर गप्प बसतात. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५० च्या वर गेला तर पुन्हा रंगवलेला, ५०० च्या वर गेला तर खाली लांबी आहे.

ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून सरळ करणं हे पोलादी पत्र्याच्या कारागिराचं काम नव्हे. त्याची हत्यारंही वेगळी ठेवावी लागतात, कारण पोलादाचा बारीक कीस ॲल्युमिनियममध्ये रुतला की पुढे रंगाखाली फोड येतात. बोनेटच्या कडेला किंवा मडगार्डच्या ओठावर असे फोड दिसले तर भाव पाडून मागा, नाहीतर सोडून द्या.

पुरातली गाडी ओळखणं याहून महत्त्वाचं. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, आणि पुरातल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढा. मातीची आडवी रेघ तिथेच सापडते, कारण धुणारा एवढा लांब पट्टा ओढत नाही. सीट पुढे सरकवून रुळाच्या मागच्या स्क्रूंची डोकी बघा, डिकीचं कार्पेट उचलून खालच्या खोलगट तळाला हात लावा, दिव्यांच्या आत धुक्यासारखा थर आहे का पाहा. नवीन अत्तराचा भपकारा येत असेल तर तो कशाला मारला आहे याचा विचार करा.

इंजिनाबाबत एकच प्रश्न आधी विचारा: टायमिंग बेल्टचं की चेनचं? दोन लिटर टर्बो पेट्रोलमध्ये दोन्ही प्रकार आले. जुन्या, बेल्टवाल्या इंजिनात हाय प्रेशर पेट्रोल पंप आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) यांच्यामध्ये एक छोटी वाटी असते, तिला कॅम फॉलोअर म्हणतात. ती झिजून भोक पडलं तर पंपाचा दांडा थेट कॅमवर घासतो आणि वाटीच्या नव्हे, कॅमशाफ्टच्या बिलावर प्रकरण जातं. चेनवाल्यात वाटीची कटकट नाही, पण सुरुवातीच्या इंजिनांचा चेन ताणून धरणारा टेन्शनर कच्चा होता आणि काही इंजिनं तेलही खायची. रात्रभर थंड झालेली गाडी स्वतःच्या हाताने सुरू करा. दोन सेकंदांपेक्षा जास्त खडखड झाली तर टेन्शनरचा खर्च धरून बोला. तुम्ही पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

पाणी कुठून शिरतं

या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट नाही. दाराची कडी ओढली की काच साधारण सेंटीमीटरभर खाली येते, दार लागलं की वर जाऊन रबरात बसते. ही हालचाल दाराच्या कुलपातला एक बारीकसा मायक्रोस्विच ठरवतो. खारट दमट हवेत तोच आधी जातो. मग दार उघडताना काच खाली येत नाही, रबर ओरबाडतं, आणि बंद केल्यावर काच रबराच्या बाहेर टेकून राहते. त्या फटीतून येणारं पाणी थेट दाराच्या पॅनेलवरून सीटखाली जातं. बॅटरी उतरली तरी हेच होतं. म्हणून पावसाळ्यात बॅटरी मेलेल्या कूपेचं दार जोर लावून ओढू नका. उघडावंच लागलं तर काच तळहाताने किंचित आत दाबत हळू उघडा, आणि चार्ज होईपर्यंत पूर्ण लावू नका.

रबरांना मे महिन्यात एकदा आणि गणपतीनंतर एकदा सिलिकॉनचा हात द्या. फडक्यावर घेऊन पुसा, थेट फवारू नका, काचेवर तवंग येतो. पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल रबराला लावू नका, रबर फुगतं. खोबरेलावरून आठवलं: डॅशबोर्ड चमकवायला ते वापरणारे अजून भेटतात. आठ दिवसांत त्यावर बुरशीची मऊ पांढरी लव येते आणि ती शिवणीत शिरली की निघत नाही.

दुसरी वाट पुढच्या काचेच्या खालच्या पन्हळीची. वायपरच्या खाली प्लास्टिकची जाळी असते, तिच्याखाली पाणी वाहून जायला मार्ग असतात. आंब्याचा मोहोर, सुरूच्या सुया, माडाच्या झावळीचे तुकडे तिथे साठतात आणि चिखल बनतात. मार्ग तुंबला की पाणी चढतं आणि केबिनच्या पंख्यातून पायाशी उतरतं. लोक कार्पेट वाळवत बसतात आणि जाळी कोणी काढत नाही. मेच्या शेवटी वायपरचे हात काढा, जाळी उचला, कचरा हाताने वेचा आणि लिटरभर पाणी ओता. गाडीखाली दोन्ही बाजूंनी धार पडली पाहिजे. एका बाजूने पडत नसेल तर बारीक लवचिक नळी वापरा. तार खुपसली तर रबराचं तोंड फाटतं.

दारांच्या खालच्या कडेलाही भोकं असतात. खालून बोट फिरवलं की कळतं. तिथे लाल माती बसली की दाराच्या पोटात पाणी डुचमळतं, आणि दार पोलादी आहे हे विसरू नका. एसीच्या निचऱ्याची नळीही तपासा: दहा मिनिटं एसी चालवल्यावर गाडीखाली पाणी ठिबकलं नाही, तर ते आत कुठेतरी जातंय.

ओल मोजायला यंत्र लागत नाही. पायाखालची मॅट काढून कार्पेटवर जुना वर्तमानपत्राचा कागद ठेवा, वर उभं राहा. कागद ओला झाला की कार्पेटखालचा फोम भिजलेला आहे. फोम वरून कधीच वाळत नाही. सीट काढून कार्पेट उचलावं लागतं आणि दोन दिवस पंखा लावावा लागतो. सीट काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडा आणि दहा मिनिटं थांबा, सीटमध्ये एअरबॅग असते.

मीठ, माती आणि दोन धातू

पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून असले आणि मधे खारं पाणी आलं की त्याची बॅटरीच तयार होते, आणि ॲल्युमिनियम झिजतं. कारखान्यात यासाठी सांध्यांत चिकट द्रव्य आणि स्क्रूंवर खास लेप असतो. म्हणून या गाडीचा एखादा स्क्रू हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्क्रू घालू नका. स्टेनलेसचा तर मुळीच नको. तो स्वतः चकचकीत राहतो आणि भोवतीचं ॲल्युमिनियम खातो. मूळ लेपाचा स्क्रू मागवा.

हाच प्रकार चाकांत. अलॉय व्हील ज्यावर बसतं त्या पोलादी हबला असं चिकटतं की पंक्चरच्या दिवशी निघत नाही. दर सहा महिन्यांनी चारही चाकं एकदा काढाच. हबच्या मधल्या गोलाला तारेच्या ब्रशने साफ करून सिरॅमिक पेस्टचा पुसट थर द्या. बोल्टच्या आट्यांना काहीही लावू नका, नाहीतर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, चुकतो. बोल्ट १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. जांभ्याच्या किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर जॅक रुततो, म्हणून त्याखाली वीस मिलिमीटर जाडीचा फूटभर प्लायचा तुकडा घाला.

लाल माती नुसती घाण करत नाही, ओल धरून ठेवते. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकमागे ती मुठीमुठीने साठते आणि डिसेंबरातही आतून दमट असते. वर्षातून एकदा, पावसानंतर, ती प्लास्टिकं सोडून माती काढा.

धुताना पाणी गोडं आहे ना ते आधी पाहा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी चैत्र-वैशाखात मचूळ होतात. साबणाला फेस येत नसेल तर त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मिठाचा हात फिरवणं. अशा वेळी चार किलोमीटर आतल्या वाडीत नेऊन धुवा किंवा टाकीतलं पावसाचं पाणी राखून ठेवा. वरच्या रंगापेक्षा तळाला पाणी जास्त मारा. आंब्याचा चीक रंगावर पडला तर त्याच दिवशी कोमट साबणाच्या पाण्याने भिजवून काढा. एक दिवस उन्हात तापलेल्या बोनेटवर राहिला तर डाग रंगात उतरतो. आणि माडाखाली गाडी लावणाऱ्याला काय सांगायचं.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल स्पष्ट मत: ओल्या तळावर काळं रबरी रसायन फवारून घेणं हे कोटिंग न केल्याहून वाईट. वरून गुळगुळीत दिसतं आणि खाली गंज झाकला जातो. मागच्या पोलादी तळाला करायचं तर असं करा. मार्च-एप्रिलमध्ये तळ धुवा आणि दोन कडक उन्हं दाखवा. सुटा गंज ब्रशने काढा, उरलेल्यावर गंजरोधक द्रव लावा, झिंकचं प्रायमर द्या. ते वाळलं की मेणाचं, न कडकणारं कोटिंग द्या. पोकळ भागांत, म्हणजे दारांच्या पोटात आणि मागच्या कोपऱ्यांत, लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स घाला. एका दाराला पाव लिटर पुरतं. निचऱ्याची भोकं मेणाने बुजली नाहीत ना ते दुसऱ्या दिवशी काडीने बघा.

ब्रेकच्या डिस्कवर इथे एका रात्रीत तांबूस थर येतो. पहिल्या चार-पाच ब्रेकांत तो निघून जातो, घाबरायचं कारण नाही. पण हँडब्रेक ओढून गाडी तीन आठवडे उभी ठेवली तर मागची पॅड डिस्कला धरतात. सपाट जागेवर गिअर 'पी'त टाका, चाकाला लाकडी ठोकळा लावा, हँडब्रेक सोडून द्या. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना वर्षातून एकदा काढून सिलिकॉन ग्रीस द्या. डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल भरलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो. सपाटीवर फरक कळत नाही, आंबा घाट उतरताना पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदला असं पुस्तक सांगतं, किनाऱ्यावर दर वर्षी बदललं तर पैसे वाया जात नाहीत.

चार महिने ठेवायची कुठे

मांगर, म्हणजे सामान ठेवायची शेड, असेल तर उत्तम, पण भिंती तिन्ही बाजूंनी आणि जमीन सिमेंटची हवी. मातीची जमीन रात्री ओल सोडते आणि ती सगळी तळाला लागते. पर्याय नसेल तर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फळ्या टाका. गाडीवर थेट ताडपत्री घालणं ही सगळ्यात मोठी चूक. आत वाफ कोंडते आणि वाऱ्याने ताडपत्री फडफडून रंग घासतो. छपराखाली असेल तर श्वास घेणारं कापडी कव्हर, नाहीतर काहीच नको. गाडीभोवती चारही बाजूंनी हवा खेळणं महत्त्वाचं.

काचा पूर्ण लावा. डॅशबोर्डवर आणि डिकीत ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवा आणि त्यात साठलेलं पाणी दर आठवड्याला फेका. ते सांडलं तर पत्र्याला मिठाइतकंच वाईट, म्हणून डबा ताटलीत ठेवायचा. चामड्याची सीट ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्याने पुसा. बुरशी दिसली तर गाडी बाहेर काढून ब्रशने झाडा, आत झाडली तर बी सगळीकडे पसरतं.

बॅटरीला स्वयंचलित चार्जर लावा. तो वीज गेल्यावर परत आली की आपोआप सुरू होणारा हवा, कारण पावसात वीज जाणार हे ठरलेलं. चार्जर नसेल तर आठवड्याला व्होल्टमीटर लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. त्याखाली पडू देऊ नका.

उंदीर वायरी कुरतडतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. डांबरगोळ्यांनी उंदीर जात नाहीत, वास मात्र केबिनमध्ये वर्षभर राहतो. बोनेट उघडं ठेवा, जवळ सापळा लावा आणि दर रविवारी फिल्टरचा डबा उघडून बघा. भात-नारळ त्याच मांगरात साठवत असाल तर गाडी दुसरीकडे हलवा.

दर दहा-पंधरा दिवसांनी, पाऊस उघडला की, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवण्यात अर्थ नाही. तेल तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून गंजतो.

तेल, पेट्रोल, गिअर

बेल्टवाल्या इंजिनात कॅम फॉलोअर दर १५,००० किलोमीटरला उघडून बघा. इंजिन थंड हवं आणि पेट्रोलचा दाब आधी सोडलेला हवा. पंप तीन टॉर्क्स (चांदणीच्या खाचेच्या) बोल्टवर आहे. वाटीच्या तोंडावरचा काळा लेप अखंड असेल तर परत घाला, मध्ये चंदेरी गोल दिसला तर नवी टाका. भाग मुंबईहून किंवा पुण्याहून येईपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते, म्हणून एक नवी वाटी, एक इग्निशन कॉइल आणि दाराचं कुलूप घरात ठेवावं. टायमिंग बेल्ट कमी चालला असला तरी पाच वर्षांनी वॉटर पंपासह बदला, दमट हवेत रबर वयाने जातं.

एस-ट्रॉनिक, म्हणजे ऑडीचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सहा गिअरचा, ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचचा आहे. त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं. सव्वापाच लिटरच्या आसपास लागतं. लेव्हल तपासताना इंजिन चालू आणि ऑइलचं तापमान ३५ ते ४५ अंश हवं, म्हणजे तापमान वाचणारी केबल आणि लॅपटॉप लागतो. "आम्ही अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्या गॅरेजला नम्रपणे नको म्हणा. थंड ऑइलवर लेव्हल लावली की ती चुकते, आणि चुकलेली लेव्हल झटक्यांच्या रूपाने चार-सहा महिन्यांनी कळते.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल ओढतं आणि जुन्या रबराला सुकवतं. पेट्रोलच्या नळ्यांना वाकवून बघा, भेगा दिसल्या तर इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या नळ्या घाला. पावसाळ्यात टाकी पूर्ण भरून ठेवावी, रिकाम्या जागेत दव धरतं. पण तेच पेट्रोल दीड-दोन महिन्यांत संपवा.

टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरच्या अंकांतले शेवटचे चार बघा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही खोल असो, बदला. कायदा १.६ मिलिमीटरला परवानगी देतो, पण रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात. जूनमध्ये तीन मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी घेऊन उतरू नका.

कागद थोडक्यात. नोंदणीला १५ वर्षं पूर्ण होण्याआधी साठ दिवसांच्या आत नमुना २५ भरा. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. आयात नसलेल्या साध्या मोटारीला २०२२ पासून ५,००० रुपये, आयात मोटारीला ४०,००० रुपये शुल्क आहे, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांचं २०२५ मध्ये दुप्पट झालं. पर्यावरण कर वेगळा. आरसीवर गाडी 'आयात' लिहिली आहे का ते विकत घेण्याआधीच वाचा. विम्यात इंजिनात पाणी शिरल्याचं संरक्षण मिळत असेल तर घ्या. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघू नका. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दावाही अडतो.

चालवायची कुठे, कधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सहा ते नऊ. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे हा तुकडा लहान आहे, पण एका बाजूला समुद्र आणि चढ-उताराची वळणं असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची मजा इथेच. आंबोलीचा घाट पावसाळ्यात टाळा, धुक्यात आणि पर्यटकांच्या गर्दीत कूपे घेऊन अडकण्यात काही गंमत नाही. गणपतीच्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावर ही गाडी काढूच नका. रात्री तर रस्त्यावर गुरं बसलेली असतात.

गावातले गतिरोधक तिरके ओलांडा, एकेक चाक चढवत. वाळूत गाडी घालायची नाही, हे सांगण्याची गरज पडू नये.

खाडी ओलांडायची तर दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी अशा फेरीबोटी आहेत. मोठा वळसा वाचला तरी बुटक्या गाडीला खरी परीक्षा बोटीच्या फळीची असते. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांत कोन जास्त पडतो आणि पुढचा बंपर किंवा पोट टेकतं. भरतीची वेळ पाहून जा, आधी गाडीतून उतरून, चालत जाऊन कोन बघा, आणि बोटीवरच्या माणसाला "गाडी खाली आहे, तिरकी घेतो" असं सांगून शेवटी चढा. ते रोज शेकडो गाड्या चढवतात, सांगितलं तर फळीखाली लाकडाचा ठोकळा सरकवून देतात. धक्क्याचा शेवाळलेला भाग चाकाखाली आला तर ट्रॅक्शन कंट्रोल चालूच राहू द्या आणि ॲक्सिलरेटर एकसारखा धरा. पलीकडे उतरल्यावर पहिल्या गोड्या पाण्याच्या ठिकाणी थांबून तळाला दहा मिनिटं पाणी मारा, मागच्या चाकांच्या आतून सुरुवात करून.